चार बोटं कमी पडलेलं दार

कुलानूचं नाक तीनदा मोडलं, आणि तिन्ही वेळा ते एकाच माणसाने मोडलं. त्या माणसाचं नाव तेतेय. तेतेयच्या वरच्या जबड्यातले दोन दात नाहीत. ते कुठे गेले हे कुलानूला विचारावं. एवढं होऊनही गेल्या पंचवीस वर्षांत दोघं एकमेकांशी अरे-तुरे बोललेले नाहीत. बोलणार कसे? तेतेयच्या थोरल्या मुलीच्या बाप्तिस्म्याला कुलानूने धर्मबाप म्हणून तिला हातावर धरलं, तेव्हापासून दोघं एकमेकांचे कोंपादी झाले आणि एकमेकांच्या बायकांना कोंमादी म्हणू लागले. सख्ख्या भावाला लाथ घातली तर देव माफ करतो. कोंपादीला अरे-तुरे केलं तर माणूस थेट आगीत जातो, आणि आमच्या शांमध्ये ती आग कुठे असते हे कुणाला सांगावं लागत नाही. ती डोक्यावरच धुमसत असते.

त्यामुळे त्यांची भांडणं, 'न्यो' म्हणजे 'राव' लावून, ऐकायला फार गोड. 

"आपण अस्सल गाढव आहात, कोंपादी."

"आपल्या पायाशी बसूनच शिकलो, न्यो कुलानू."

"आपल्या मस्तकात हा दगड घालू का?"

"घाला ना. पण आधी माझी टोपी काढून घ्या, नवी आहे."

मग दगड यायचा. टोपी बाजूला काढून ठेवल्यावर यायचा, हे खरं.

शां म्हणजे एका जुन्या, प्रचंड ज्वालामुखीच्या पोटातला तळ. तिन्ही बाजूंनी हजार हात उंच कड्याची भिंत, मध्ये पीकूचा काळा सुळका, आणि त्याच्या पायाशी दोन वाड्या, खालची आणि वरची. खालच्या वाडीत कुलानू, वरच्या वाडीत तेतेय. फोगू बेटावरचे बाकीचे लोक आणि देशातल्या उरलेल्या बेटांवरचे लोक आम्हाला वेडे समजतात. तोफेच्या तोंडात कुणी बिछाना घालतं का, असं विचारतात. मग आमची दारू पितात, आमची डाळिंबं खातात आणि गप्प बसतात. राखेत खड्डा करून लावलेल्या वेलीला जे द्राक्ष येतं ते त्यांच्या समुद्राकाठच्या खारट मातीत येत नाही.

कुलानू वाटाड्या होता. पीकूवर पाहुणे चढवायचे आणि जिवंत खाली आणायचे, हा त्याचा तीस वर्षांचा धंदा. चढवणं सोपं, असं तो म्हणे. माणूस मरायला आपल्या पायाने हौसेने जातो. चढायला चार तास लागायचे. राख अशी, की दोन पावलं वर टाकावीत आणि दीड पाऊल परत यावं. उतरायला मात्र पाऊण तास. उतरणीच्या अंगाला मांडीभर राख असे. तिच्यात टाच रोवायची, अंग मागे टाकायचं आणि ओरडत धावत सुटायचं. कुलानू पाहुण्याचं मनगट धरून पळायचा, आणि पाहुणा कचरला की त्याच्या ढुंगणावर काठी बसायची. एकदा एक जर्मन फोटोसाठी माथ्यावरच्या कड्याकडे मागे मागे सरकत होता. कुलानूने त्याच्या दोन्ही कानांखाली आवाज काढला. जर्मन खाली येऊन तक्रार करत सुटला. कुणीतरी त्याला कड्याखाली काय आहे ते समजावलं, आणि तेव्हापासून दर नाताळाला त्याचं कार्ड येतं. कुलानूची बायको झुलमीरा ती कार्डं भिंतीला लावते आणि नवऱ्याला बजावते, "माझ्या कानाखाली हात गेला तर कार्ड नाही, कोयता येईल."

नाक पहिल्यांदा मोडलं ते या झुलमीरासाठीच, एका लग्नातल्या नाचात. ती तेतेयबरोबर नाचायची होती आणि नाचली कुलानूबरोबर. त्यात विशेष काही नाही; आमच्याकडे ज्या लग्नात नाक मोडत नाही त्या लग्नाचं नाव दुसऱ्या वर्षी कुणाला आठवत नाही. दुसऱ्यांदा मोडलं ते दारासाठी, आणि ते मात्र दोघं विसरले नाहीत.

दाराची गोष्ट अशी. बेटावर लाकूड नाही. दगड हवे तेवढे, डोंगर फुकट देतो. अंगावर फेकून देतो. भिंती कुणीही बांधतो. पण दाराला फळ्या लागतात, आणि फळ्या समुद्र देईल तेव्हा. कुलानूचा बाप तरुण असताना खाली किनाऱ्यावर एक जहाज खडकावर फुटलं. अर्धं बेट फळ्या लुटायला धावलं. तिथे सुरे निघाले. एकाची बोटं गेली, एक जण बुडाला, आणि कुलानूचा बाप मांडीत सुऱ्याची जखम घेऊन, पाच फळ्या पाठीला बांधून, दोन दिवस चढ चढत शांमध्ये परत आला. त्याने दार केलं आणि होडीचा हिरवा रंग दिला. तो जन्मभर लंगडला, पण दाराला कधी कुरकुर येऊ दिली नाही. मरताना म्हणाला, "भिंती तुझ्या, दार माझं. सांभाळ."

म्हणून पीकू फुटला की शांमधला माणूस आधी दार उतरवतो. मग खिडक्या, मग तुळया, मग कौलं, मग दारूची पिंपं, मग पलंग, मग भिंतीवरचे संत आणि शेवटी सासू. घर गाढवावर चढतं आणि लाव्ह्यासाठी नुसत्या भिंती उरतात. लाव्हा थंडावला की तेच घर दुसऱ्या भिंतींवर पुन्हा चढतं. एकोणीस वर्षांपूर्वी पीकू फुटला तेव्हा कुलानूने दार वरच्या वाडीत तेतेयच्या अंगणात नेऊन ठेवलं. लाव्हा खालच्या वाडीच्या अंगाने पश्चिमेला वाहत गेला, द्राक्षांचे मळे खाऊन थांबला, आणि कुलानू दार आणायला गेला. दार चौकटीत बसवलं तर खालून चार बोटं उजेड दिसायला लागला.

"कोंपादी, दार आखडलं की काय?" कुलानूने विचारलं.

"मी कापलं," तेतेय म्हणाला. "रानटी कुत्री सुटली होती. माझ्या बकऱ्यांच्या गोठ्याला दार नव्हतं. आपलं दार मोठं होत होतं."

"माझ्या बापाचं दार आपण बकरीच्या मापाने कापलंत?"

"दोन बकऱ्या फाडल्या होत्या, न्यो. तिसरी गाभण होती."

त्यावर कुलानूने तेतेयच्या तोंडावर डोकं आपटलं आणि दोन दात पडले. तेतेयने करवतीच्या मुठीने नाक फोडलं. दोघांना चार-चार माणसांनी धरलं. तेतेय रक्त थुंकत म्हणाला, "क्षमा असावी, कोंपादी," आणि पुन्हा लाथ मारली.

तेव्हापासून एकोणीस वर्षं त्या चार बोटांतून वारा आला, राख आली, शेजारच्या कोंबड्या आल्या, एकदा तर एका इटालियन पाहुण्याचा हात आला, कारण कडी सापडत नव्हती. झुलमीरा रोज सकाळी गोणपाटाची गुंडाळी करून ती फट बुजवायची. गुंडाळी पायाने सारताना म्हणायची, "त्यांच्या हाताला वारा जावो. त्यांच्या करवतीला गंज लागो. देव त्यांना दीर्घायुष्य देवो, म्हणजे गंज नीट बघता येईल."

तर त्या रविवारी कुलानू पीकूच्या माथ्यावर होता. बरोबर बेल्जियमची एक दातांची डॉक्टरीण होती. तिचं नाव लीव. सहा फूट उंच, बुटांचं माप कुलानूपेक्षा दोन आकड्यांनी जास्त. माथ्यावरच्या भेगांतून नेहमी गंधकाची वाफ येते. लीवबाई तिथे हात शेकत बसली होती. कुलानू भाकरीच्या तुकड्यावर बकरीचं चीज ठेवत होता, तेवढ्यात त्याने पाहिलं की वाफ बंद झाली आहे.

त्याच्या बापाने सांगून ठेवलं होतं, वाफ सोडणारा डोंगर भुंकणाऱ्या कुत्र्यासारखा असतो. गप्प झाला की पळ.

"उठा," कुलानू म्हणाला.

"माझं चीज," लीवबाई म्हणाली.

कुलानूने चीज दरीत फेकलं, तिचं मनगट धरलं आणि उडी मारली.

अर्धी उतरण झाली असेल, तोच पायाखालचा डोंगर एखाद्या बैलाने अंग झटकावं तसा हलला. मग खाली, जिथे उतरण संपते नेमक्या तिथेच, जमीन उसवली. आधी आवाज नव्हता. नुसतं काळं कापड वर उडाल्यासारखं दिसलं. मग आवाज आला आणि तो पोटात बसला. दगड वर गेले आणि वर जाऊन थांबल्यासारखे झाले. लीवबाई तोंड उघडं ठेवून बघत राहिली. कुलानूला माहीत होतं, वर गेलेला दगड पाहुणा नसतो. तो परत येतो.

त्याने तिला काठी मारली, मग ढकललं, मग केसांना धरून आडवं ओढलं. डुकराएवढा एक दगड त्यांच्या वाटेवर पडला आणि राखेत गपकन बुडाला. दुसरा फुटला. मुठीएवढा लाल तुकडा कुलानूच्या खांद्यावर बसला आणि सदरा पेटला. कुलानूला आधी स्वतःच्या कातडीचा वास आला, वेदना नंतर. लीवबाईने त्याला राखेत आडवं पाडलं, त्याच्या पाठीवर गुडघा रोवला आणि मूठ-मूठ राख खांद्यावर थापून ज्वाळा विझवली. दात उपटायला जोर लागतो, हे कुलानूला तेव्हा कळलं.

खालची वाट गेली होती. तो तिला घेऊन जुन्या धारेवरून आडवा निघाला. धूर घशात काचेसारखा टोचत होता. धारेच्या टोकाशी धुरातून एक गाढव बाहेर आलं आणि गाढवाच्या शेपटीला धरून तेतेय.

"कोंपादी, आपण रविवारीसुद्धा बायकांना मारायला वर आणता?" तेतेय खोकत म्हणाला.

"आपण इथे काय करता?"

"आपलं प्रेत न्यायला आलो. कोंपादीचं प्रेत परक्याने उचललं तर मला गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"प्रेत अजून चालतंय."

"दिसतंय. पण जळक्या वासावरून मला आशा वाटली होती."

लीवबाईने कुलानूला विचारलं, हे तुमचे भाऊ का? कुलानू म्हणाला, त्याहून वाईट. मग दोघांनी तिला गाढवावर बसवलं. तिचे पाय जमिनीला टेकत होते, त्यामुळे गाढव आणि ती दोघंही चालत खाली आली.

दुपारपर्यंत लाव्हा दिसू लागला. लाव्हा म्हणजे लाल पाणी, असं लांबचे लोक समजतात. आमचा लाव्हा म्हणजे दोन पुरुष उंचीची जळत्या कोळशांची भिंत. ती चालत येते. पुढचे दगड खाली पडतात, मागचे त्यांच्यावर चढतात, आणि सबंध वेळ दळण दळल्यासारखा खडखड आवाज चालू असतो. दिवसाला कधी शंभर पावलं, कधी पाचशे. तिला घाई नसते, आणि तेच भयंकर असतं.

खालच्या वाडीचे लोक कुलानूच्या अंगणात जमले. पीकूची वाट कुणाला ठाऊक, तर वाटाड्याला. कुलानूच्या खांद्यावर झुलमीरा तेल आणि केळीचं पान बांधत होती. तो त्या अवस्थेतही छाती पुढे काढून म्हणाला, "डोंगराला सवय असते. मागच्या वेळी आला तसाच येणार. आपली वाडी त्याच्या वाटेवर आहे. वरची वाडी सुटणार. दारं वर न्या."

"नक्की ना?" झुलमीराने विचारलं.

"मी त्याच्या डोक्यावर तीस वर्षं चढतोय. तुझ्या माहेरच्यांपेक्षा मी त्याला जास्त ओळखतो."

सगळ्या खालच्या वाडीने घरं उतरवली. पहिलं दार निघालं ते कुलानूचं. उदाहरण घालून द्यायला हवं ना. जळक्या खांद्यावर ते बसेना, म्हणून त्याने कपाळाला दोरी लावून ते पाठीवर घेतलं आणि ते थेट तेतेयच्या अंगणात नेऊन टाकलं; मागोमाग त्याच्या खिडक्या, तुळया आणि कौलं तेतेयच्या घरामागे गेली. नाक मोडणाऱ्याच्या दारात दार घेऊन जाणं म्हणजे काय, हे ज्याला माहीत आहे त्यालाच कळेल. तेतेय उंबऱ्यावर मक्याचा कचुपा खात बसला होता.

"या वेळी करवत कुठे आहे?" कुलानूने विचारलं.

"आत आहे. काळजी नसावी. आता ते गोठ्याला बरोबर बसतं."

कुलानूची मूठ वळली. पण मागून दुसरं दार येत होतं, त्याच्या मागे तिसरं. संध्याकाळपर्यंत हिरव्या दारावर वीस दारं, खिडक्या, तुळया, पिंपं आणि एका म्हातारीची शवपेटी रचली गेली. ती तिने आधीच करून ठेवली होती.

लाव्हा तीन दिवस खालच्या वाडीकडे चालत आला. कुलानू रोज वाडीच्या कडेला बसून मान डोलवत होता, जणू काय तोच त्याला हाकत होता. चौथ्या दिवशी सकाळी लाव्हा थांबला. मागून मात्र येतच राहिला. भिंत उंच झाली, फुगली, आणि मग डाव्या अंगाला फुटून, उतार मिळताच माणसाच्या चालीने, वरच्या वाडीकडे वळली.

कुलानूने ते पाहिलं आणि तो उठून उभा राहिला. पुढे आडवा पडला होता एकोणीस वर्षांपूर्वीचा लाव्हा. थंड झालेला, घराएवढा उंच, काळा बांध. मागच्या खेपेला तिथे खोलगट शेतं होती. आता त्याच जागी डोंगरानेच भिंत बांधून ठेवली होती. त्या बांधावरून कुलानू रोज पाहुण्यांना न्यायचा, वर उभं करून फोटो काढायला लावायचा. एकोणीस वर्षं त्याच्या बुटांचे तळ त्यावर झिजले, आणि हा बांध नव्या लाव्ह्याच्या आड येईल हे त्याच्या मोडक्या नाकाच्या वरच्या भागात एकदाही शिरलं नाही.

तो वरच्या वाडीकडे पळाला. आयुष्यात तो इतक्या वेगाने कधी उताराला पळाला नव्हता, आणि हा तर चढ होता.

वरच्या वाडीत पहिलं घर तोवर गेलं होतं. घर जाताना आधी भिंतीला भेग पडते, अक्रोड फोडल्यासारखा आवाज येतो, मग छप्पर बसतं. पाण्याचं टाकं मात्र तसं जात नाही. त्यातलं पाणी उकळतं, वाफ कोंडते आणि टाकं फुटतं. एका टाक्याचा तुकडा उडून बांधलेल्या बैलाच्या मानेत घुसला. बैल गुडघ्यांवर बसला, आणि त्याचा मालक त्याचं दावं कापायला धावला तेव्हा त्या दाव्याची गरज उरली नव्हती. दारूची पिंपं एकामागून एक फुटत होती. सबंध वाडीला गोड जळका वास सुटला होता. तो वास इतका छान होता, की लोकांना त्याची लाज वाटत होती.

तेतेयच्या अंगणात खालच्या वाडीची माणसं दारांच्या ढिगाला झोंबत होती. एक जण कुलानूला पाहून त्याच्या तोंडावर थुंकला. कुलानूने ते पुसलं नाही. तो ढिगावर चढला आणि वरचं दार उचलून खाली दिलं. मग पुढचं. ज्यांना त्याने वर पाठवलं होतं त्यांची दारं आधी, आणि त्याचं स्वतःचं तळाशी. पहिलं आलेलं दार शेवटी निघतं, हा ढिगाचा साधा नियम आहे. खांद्याची पट्टी सुटली, खालची कातडी तुळईला चिकटून आली. तो शिव्या देत राहिला, डोंगराला, बापाला, स्वतःला. शवपेटीसुद्धा त्याने एकट्याने उचलून म्हातारीच्या नातवाच्या पाठीवर घातली.

एकविसावं दार हिरवं होतं. लाव्हा तेव्हा गोठ्यापाशी आला होता. बकऱ्या कधीच सोडून दिल्या होत्या. नुसतं कुंपण तडतडत होतं. चेहरा भाजत होता, भुवया आखडत होत्या. कुलानूने दोरी कपाळाला लावली, दार पाठीवर घेतलं आणि निघाला. वीस पावलांवर त्याने मागे पाहिलं.

तेतेय उंबऱ्यावर खुर्ची टाकून बसला होता. मांडीवर टोपी.

"कोंपादी," कुलानू ओरडला, "आपली बायको-मुलं कड्यावर पोचली. आपण कुणाची वाट बघता?"

"घर जातंय, त्याला सोबत नको का?"

"आपण उठा."

"मी आपल्यासारखा पळणाऱ्यातला नाही, न्यो कुलानू. माझं दार मी उतरवलेलंच नाही. आपण म्हणालात ना, वरची वाडी सुटणार."

हे वाक्य कुलानूला करवतीच्या मुठीपेक्षा जोरात बसलं. तेतेयने, ज्याने कुलानूवर जन्मात कशावरच विश्वास ठेवला नव्हता, त्याने याच एका बाबतीत ठेवला होता. त्याचं दार चौकटीत, खिडक्या भिंतीत, कौलं छपरावर. सबंध घर जसंच्या तसं जळणार होतं.

कुलानू उभा राहिला. पाठीवर बाप होता. निदान बापाच्या पाच फळ्या होत्या. वीस पावलं पुढे मोकळी वाट होती, आणि वीस पावलं मागे एक गाढव खुर्चीत बसलं होतं. दोन्ही नेता येण्याजोगी नव्हती.

त्याने कपाळावरची दोरी काढली. दार राखेत पडलं, त्याने त्याच्याकडे पाहिलंही नाही, आणि तो मागे धावला.

तेतेय उठेना. कुलानूने त्याची गचांडी धरली. तेतेयने खुर्चीच्या पायाने त्याचं नाक फोडलं. ही तिसरी वेळ. कुलानूने त्याच्या पोटात गुडघा घातला. दोघं अंगणात लोळले, आणि त्यांच्या मागे गोठ्याची भिंत कोसळली. ठिणग्यांनी तेतेयचे केस पेटले, ते कुलानूने थपडा मारून विझवले. त्या थपडांपैकी किती विझवण्यासाठी होत्या हे आजही ठरलेलं नाही.

"सोडा मला," तेतेय रडत म्हणाला, "आपल्या पाया पडतो, मला इथेच राहू द्या."

"टोपी काढा," कुलानू म्हणाला.

तेतेयच्या डोक्यावर टोपी नव्हती. ती झटापटीत पडून जळाली होती. पण इतक्या वर्षांच्या सवयीने त्याचा हात वर गेला. तेवढ्यात कुलानूने त्याच्या हनुवटीखाली ठोसा मारला. तेतेय पिठाच्या पोत्यासारखा पडला. कुलानूने त्याला जळक्या खांद्यावर टाकलं, कारण दुसऱ्या हाताने नाक धरायचं होतं, आणि वीस पावलं चालून हिरव्या दारावरून पाय टाकून पुढे गेला. तो कड्याच्या पायथ्याशी पोचला तेव्हा मागे हिरवा रंग जळत होता. होडीच्या रंगाचा धूर वेगळाच असतो, पिवळट.

वरच्या वाडीतलं एकही घर उरलं नाही. चर्चचं छप्पर दोन दिवस लाव्ह्यातून वर दिसत होतं, मग तेही बसलं. माणूस मात्र एकही मेला नाही, आणि त्याचं श्रेय प्रत्येकजण आपापल्या संताला देतो.

लाव्हा सव्वा दोन महिन्यांनी थांबला. कुलानू आणि झुलमीरा खालच्या वाडीत घर पाहायला गेले. वाडीची पंधरा घरं गेली होती. थांबता थांबता लाव्ह्याने एक फाटा तिकडेही टाकला होता. कुलानूच्या भिंतींपासून सात पावलांवर तो फाटा थांबला होता. अंजिराचं झाड अर्धं जळलं होतं, अर्ध्याला पालवी होती. घर जसं सोडलं तसं उभं होतं. छप्पर नाही, खिडक्या नाहीत, तुळया नाहीत, दार नाही. कारण ते सगळं सांभाळून ठेवायला त्याने लाव्ह्याच्या तोंडात नेऊन दिलं होतं.

झुलमीरा रिकाम्या चौकटीत उभी राहिली. मग म्हणाली, "तू दार इथेच ठेवलं असतंस तर काय झालं असतं?"

"काहीच झालं नसतं," कुलानू म्हणाला.

"तेच म्हणते मी."

सरकारने शांच्या बाहेर, उतारावर, सिमेंटची घरं दिली होती. तिथे राख नव्हती, द्राक्षं नव्हती आणि पीकू दिसत नव्हता. महिन्याभरात अर्धं गाव परत आलं. सगळ्यांत आधी कुलानू आला, आणि दुसऱ्या दिवशी बायको, तीन मुलं, एक गाढव आणि चार बकऱ्या घेऊन तेतेय त्याच्या अंगणात उभा राहिला.

"कोंपादी," तो म्हणाला, "आपण माझं घर जाळलंत. आता आपल्या घरात जागा द्या."

"भिंतीच आहेत," कुलानू म्हणाला.

"मला तर भिंतीसुद्धा नाहीत."

वर ताडपत्री टाकून दोन कुटुंबं त्या भिंतींत राहिली. तेतेयला एकच गोष्ट खुपत होती, ती म्हणजे चौकट. रोज सकाळी तो तिच्याकडे बघायचा आणि नजर वळवायचा. मग बंदरावर मदतीच्या सामानाच्या पेट्या आल्या, आणि तो त्या पेट्यांच्या फळ्या गोळा करू लागला. किनाऱ्यापासून दोन दिवस चढ चढत, पाठीला बांधून. दोन महिने ठाकठोक चालली. कुणाला जवळ येऊ देईना. अखेर त्याने दार आणून भिंतीला टेकवलं. हिरवं रंगवलेलं. रंग कुठून आणला ते त्याने सांगितलं नाही, पण खालच्या गावात एका कोळ्याची होडी अर्धीच रंगवलेली राहिली होती.

दार चौकटीत बसवायला गेले तर बसेना. खालून चार बोटं जास्त होतं.

कुलानूने ते बघितलं, मग तेतेयकडे बघितलं. मग आत जाऊन करवत आणली आणि त्याच्यापुढे धरली.

"कापा."

"नाही."

"कोंपादी, दार लागत नाही."

"न लागो. मी आपल्या दाराला एकदा करवत लावली. पुन्हा लावणार नाही, आपण माझा गळा कापलात तरी."

"गळा नको, दार कापू."

"मग आधी माझ्यावर चालवा."

ते तिथेच भांडले. ताडपत्री खाली आली, बकरी त्यात अडकली, मुलं ओरडली. नाक मात्र या खेपेला वाचलं. लीवबाई त्याच सुमारास पुन्हा आली होती. ती म्हणाली, मी तेतेयला दोन नवे दात बसवून देते, फुकट. तेतेयने ओठ मिटले. त्या जागेवर कोंपादींचा हक्क आहे, तिथे परका दात बसवणार नाही, असं त्याने कळवलं. मग लीवबाईने कुलानूच्या नाकाकडे पाहिलं आणि ते आपल्या विद्येच्या बाहेरचं आहे असं सांगितलं.

शेवटी कुलानू कुदळ घेऊन बसला. एक अख्खी दुपार बापाने घातलेला उंबरा तो फोडत होता. खाली कातळ होता आणि प्रत्येक घावाला खांद्याची जुनी भाजलेली कातडी ताणत होती. तेतेय बाजूला बसून माप सांगत होता. "अजून एक बोट, न्यो. आपल्या अकलेइतकं नको, थोडं खोल जाऊ द्या." चार बोटं जमीन खाली गेली तेव्हा दार बसलं, आणि असं बसलं की वारा सोडा, कोंबडीचं पीससुद्धा आत येणार नाही.

आता पीकूवर जायला नवी धार आहे, आणि दोघं आळीपाळीने पाहुणे नेतात. त्या जुन्या बांधाजवळ कुलानू कुणालाही फोटो काढू देत नाही; भराभर चाला म्हणतो, आणि काठी तयार ठेवतो.

झुलमीरा अजून रोज सकाळी गोणपाटाची गुंडाळी करते आणि दारापाशी आणते. फट नसते. मग ती क्षणभर तिथे उभी राहते आणि तेतेयच्या हाताला, करवतीला आणि आयुष्याला जे काही म्हणायचं ते सगळं नीट, आदराने म्हणून घेते. पलीकडच्या खोलीतून तेतेय "आभारी आहे, कोंमादी," म्हणतो, आणि मगच घरात चूल पेटते.